मार्गदर्शक हा मालक नव्हे, विद्यार्थी हा वेठबिगार नव्हे!

राहुरीचे नाव घेतले की उभ्या महाराष्ट्राला दोन गोष्टी आठवतात. एक मुळा धरण आणि दुसरे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पश्चिम व उत्तर महाराष्ट्राच्या दहा जिल्ह्यांत पसरलेले आहे. येथील संशोधनातून निघालेल्या वाणांना 'फुले' हे नाव लागते. फुले २६५ हा ऊस, फुले वसुधा आणि फुले रेवती ही ज्वारी, फुले संगम हे सोयाबीन. ज्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या अज्ञानावर आणि त्या अज्ञानावर पोट भरणाऱ्यांवर आसूड ओढला, त्यांचे नाव आज शेतकऱ्याच्या बांधावरील बियाण्याच्या पिशवीवर छापलेले असते. ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु शेतीचे संशोधन केवळ मोठ्या शास्त्रज्ञांच्या खोलीत होत नाही. एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणारी शेकडो मुले-मुली सकाळी सहा वाजता प्लॉटवर उभी असतात, रोपांची उंची मोजतात, फुटवे मोजतात, मातीचे नमुने वाळवतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात त्यांच्या आधी कोणी पदवीचे तोंड पाहिलेले नाही. या मुलांचे भवितव्य ज्या एका माणसाच्या हाती असते, त्याला विद्यापीठाच्या कागदावर सल्लागार समितीचा अध्यक्ष म्हणतात आणि मुलांच्या भाषेत गाईड म्हणतात. गाईडने विद्यार्थ्याकडून काय अपेक्षा करावी आणि विद्यार्थ्याने गाईडकडून काय अपेक्षा करावी, याबद्दल आमच्या समाजात फारसे बोलले जात नाही. आम्ही कृषिशास्त्राचे पदवीधर नाही. आम्ही कायद्याचे पदवीधर आणि चळवळीचे कार्यकर्ते आहोत. पण निरनिराळ्या विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थी आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात, आणि बहुतेकांचे दुखणे या एका नात्याभोवती फिरत असते. म्हणून हा लेखनप्रपंच. यात कोणा एका विद्यापीठावर बोट ठेवण्याचा हेतू नाही. राहुरीचे उदाहरण आम्ही घेतो, कारण शेतीच्या संशोधनात या नात्याचे मोल सर्वांत लवकर कळते.

ते कसे? शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जमिनीत नेमकी ओल असते तेव्हाच पेरणी साधते. दोन दिवस आधी गेलात तर चिखल, चार दिवस उशीर केलात तर ओल उडून जाते. शेतीच्या संशोधनाचेही असेच आहे. विद्यार्थ्याने संशोधनाचा आराखडा मे महिन्यात टेबलावर ठेवला आणि त्यावर सही ऑगस्टमध्ये झाली, तर त्याचा खरीप गेला. खरीप गेला म्हणजे एक वर्ष गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दस्तऐवज पुढच्या महिन्यातही सापडतील, पण ज्वारीच्या प्रयोगाला पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते. साहेबांच्या लेखी ती एक राहून गेलेली सही असते. ज्या बापाने एक एकर गहाण टाकून पोराला शिकायला पाठवले, त्याच्या लेखी ते आणखी एका वर्षाचे व्याज असते.

सहीचा प्रश्न येथेच संपत नाही. फेलोशिपच्या कागदावर गाईडची सही लागते. कनिष्ठ फेलोशिपची वरिष्ठ करायची तर मूल्यमापनात त्याचा शब्द लागतो. प्रबंध सादर करताना त्याचे प्रमाणपत्र लागते. नोकरीच्या अर्जात त्याचे नाव द्यावे लागते. म्हणजे एका माणसाच्या पेनाच्या टोकावर दुसऱ्या माणसाची खानावळ, खोलीभाडे आणि पुढची नोकरी अवलंबून असते. एवढी सत्ता जेथे एका हाती एकवटते तेथे सज्जन माणसालाही मालक बनण्याचा मोह होतो, आणि जो मुळात जातीचा अहंकार घेऊन खुर्चीत बसला आहे त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको.

या व्यवस्थेला आपल्याकडे 'गुरू-शिष्य परंपरा' असे गोड नाव दिले जाते. आमचा या नावालाच आक्षेप आहे. या परंपरेच्या मुळाशी एकलव्याची कथा आहे. द्रोणाचार्यांनी एकलव्याला एक बाणही शिकवला नाही, पण दक्षिणा मात्र अंगठ्याची मागितली. आजही जो गाईड वर्षभर प्लॉटवर फिरकत नाही आणि शोधनिबंध छापायच्या वेळी आपले नाव पहिले टाकायला सांगतो, तो याच परंपरेचा वारस आहे. विद्यार्थ्याकडून गॅसची टाकी आणवून घेणे, मुलांना शिकवणीला सोडायला लावणे, घरच्या लग्नात वाढपी म्हणून उभे करणे, या सगळ्याला 'गुरुसेवा' म्हटले जाते. कायद्याच्या भाषेत आम्ही त्याला वेठ म्हणतो. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी घातली आहे.

मग आमची परंपरा कोणती? ती तथागतांची आहे. राजगृहाबाहेर सिगाल नावाचा गृहपतीचा मुलगा सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला सहा दिशांचा खरा अर्थ सांगितला. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तो आलेला आहे. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील आणि दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, तथागतांनी शिष्याची पाच कर्तव्ये सांगितली आणि लगेच आचार्याचीही पाचच सांगितली. दोन्ही पारडी सारखी. शिष्याने उठून आदर करावा, हजर राहावे, ऐकण्याची आस्था ठेवावी, सेवा करावी आणि विद्या मन लावून ग्रहण करावी. आचार्याने शिष्याला चांगले वळण लावावे, शिकवलेले पक्के करून घ्यावे, हातचे राखून न ठेवता सर्व विद्या द्यावी, मित्रपरिवारात त्याची गुणवत्ता सांगावी आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या विद्यापीठाला लावून पाहा. मित्रपरिवारात गुणवत्ता सांगणे म्हणजे आजचे शिफारसपत्र. सर्व दिशांनी रक्षण करणे म्हणजे फेलोशिप थकली, वसतिगृहातून काढले, मौखिक परीक्षेत कोणी अपमान केला, तर गाईडने पुढे होऊन उभे राहणे. आणि सेवेबद्दल बोलायचे तर विनयपिटकात उपाध्याय आजारी पडला तर शिष्याने त्याची शुश्रूषा करावी असे सांगितले आहे, तसेच शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करावी असेही सांगितले आहे. सेवा दोन्ही बाजूंनी असेल तर ती माया असते, एकाच बाजूने असेल तर ती गुलामी असते.

बाबासाहेबांचे उदाहरण तर आमच्या डोळ्यांसमोर आहे. बाबासाहेबांच्या पदव्या आम्ही जयंतीच्या भाषणात पाठ म्हणून दाखवतो, पण त्या पदव्यांमागील गुरू-शिष्यांचे नाते कसे होते हे सांगत नाही. कोलंबिया विद्यापीठात प्रा. एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९१६ साली बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा सेलिग्मन यांनी तेथील प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या विद्यार्थ्याची शिफारस केली. पुढे १९२५ साली बाबासाहेबांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ निघाला, तेव्हा त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच होती. शिष्य न्यूयॉर्क सोडून गेल्याला नऊ वर्षे झाली होती, तरी आचार्याने हात सोडला नव्हता.

लंडनमधील गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तेथे प्रा. एडविन कॅनन हे त्यांचे मार्गदर्शक होते. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला होता. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने निघाला व प्रस्तावना कॅनन यांनी लिहिली. त्या प्रस्तावनेत कॅनन काय सांगतात? आपल्या विद्यार्थ्याचे चलनपद्धतीविषयीचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, असे ते उघडपणे नोंदवतात. आणि तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाची, नेमक्या जागी घाव घालण्याच्या ताकदीची ते मनापासून वाखाणणी करतात. शिष्याने गुरूचे मत खोडले म्हणून गुरूने पदवी अडवली नाही. गुरूचे मत वेगळे होते म्हणून शिष्याने आपले मत गिळले नाही. आमच्या मते मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्या नात्याचे माप हेच आहे. आज किती गाईड आपल्याला न पटलेल्या निष्कर्षाखाली सही करतील?

आणि शिष्याची कृतज्ञता पाहा. १९३६ साली लिहिलेल्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी प्रा. जॉन ड्युई यांचा आपले शिक्षक म्हणून उल्लेख करून आपल्यावरील त्यांचे ऋण मान्य केले. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची सन्मान्य पदवी स्वीकारायला ते न्यूयॉर्कला गेले, त्याच दिवसांत ड्युई वारले आणि भेट राहून गेली. ती हळहळ त्यांनी पत्रातून व्यक्त केली. पाया न पडताही गुरूचे ऋण मानता येते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले.

हे माप हाती घेऊन आजचे चित्र पाहिले तर काय दिसते? २००७ साली प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा अहवाल दिला. शिक्षक आपल्याला पुरेसा वेळ आणि आधार देत नाहीत, असे तेथील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने सांगितले होते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. सात महिन्यांची फेलोशिप येणे आहे, ती घरच्यांना मिळावी, असे त्याने जाताना लिहून ठेवले होते. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेली. तिला छळल्याचा आरोप तीन वरिष्ठ विद्यार्थिनी-डॉक्टरांवर झाला. म्हणजे सत्ता केवळ गाईडच्या हाती नसते, ती त्याच्या विभागात उतरत जाते, आणि विभागात काय चालते याची जबाबदारी वरच्या खुर्चीचीच असते. २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी पात्र ठरलेल्या ८६१ संशोधकांपैकी २०० जणांनाच ती देण्याच्या निर्णयाविरुद्ध आमची मुले मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसली होती. त्यांच्यापैकी किती जणांच्या गाईडने तेथे येऊन विचारपूस केली असेल? सर्व दिशांनी रक्षण करण्याचा अर्थ तो होता.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती आम्ही सांगितली नाही तर आम्ही विद्यार्थ्यांचे हितचिंतक नव्हेत, केवळ टाळ्या मिळवणारे वक्ते ठरू.

गाईडच्याही अपेक्षा असतात आणि त्यांतील बऱ्याच रास्त असतात. विद्यार्थ्याने प्लॉटवर वेळेवर असावे. नोंदवही रोजच्या रोज लिहावी. एखाद्या दिवशी नोंद घ्यायची राहिली तर ती राहिली असे लिहावे, खोलीवर बसून आकडा तयार करू नये. खोडकिड्याने प्रयोग खाल्ला असेल तर त्याच दिवशी सांगावे, अहवालाच्या दिवशी नव्हे. फसलेला प्रयोगही विज्ञानच असतो, पण खोटा आकडा हा शेतकऱ्याचा विश्वासघात असतो, कारण त्या आकड्यावरून उद्या शिफारस निघते आणि कोणी कोरडवाहू शेतकरी उधारीवर ते बियाणे घेतो. पैसे मोजून दुसऱ्याकडून प्रबंध लिहून घेण्याबद्दल तर काय बोलावे? शिक्षणाचे हत्यार विकत आणता येत नाही, ते स्वतः घडवावे लागते.

आणखी एक कटू गोष्ट. कृषी पदवीधरांत स्पर्धा परीक्षांचे आकर्षण मोठे आहे आणि त्यात गैर काही नाही. आमचा माणूस तहसीलदार व्हावा, उपजिल्हाधिकारी व्हावा, हे आम्हालाही हवे आहे. परंतु फेलोशिप आणि वसतिगृहासाठी पीएच.डी.ला नाव नोंदवायचे, दिवस अभ्यासिकेत काढायचा आणि प्लॉट मजूर बायांच्या भरवशावर सोडायचा, हे बरोबर नाही. ती जागा, ती फेलोशिप दुसऱ्या कोणा गरजू मुलाच्या वाट्याची होती. परीक्षा द्यायची असेल तर गाईडला पहिल्या दिवशी मोकळेपणाने सांगा आणि वेळ ठरवून घ्या. आणि ज्या मजूर बाया तुमच्या प्रयोगाची खुरपणी करतात, त्यांच्याशी तुम्ही कसे वागता तेही पाहा. तेथे सत्ता तुमच्या हाती असते.

आमचे विद्यार्थ्यांना असेही सांगणे आहे की, लाल शाईचा प्रत्येक शेरा जातीयवाद नसतो. लिखाण कच्चे असेल तर ते कच्चेच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीत प्रबंध लिहायचा असतो, तेव्हा चार वेळा खोडाखोड होणारच. मात्र खोडून शिकवणारा कोण आणि खोडून हिणवणारा कोण, हा फरक विद्यार्थ्याला बरोबर कळतो. जो 'येथे काळ चुकला, असे लिहा' म्हणतो त्याचा राग मानू नका. जो 'तुम्हा लोकांना हे जमणार नाही' म्हणतो, त्याचे वाक्य तारीख, वेळ आणि साक्षीदारासह लिहून ठेवा.

हे लिहून ठेवणे का महत्त्वाचे, ते वकील म्हणून सांगतो. अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ प्रमाणे जातीवरून केलेला अपमान 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' झाला आहे की नाही, हा मुद्दा न्यायालयात येतो. २०२० साली हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या अपमानाला हे कलम लागू होत नाही, असा निर्वाळा दिला. गाईडची केबिन म्हणजे चार भिंतीच. म्हणजे जेथे सर्वाधिक अपमान होण्याची शक्यता आहे, तेथेच कायद्याचा हात आखूड पडतो. म्हणून तक्रारीची वेळ येण्याआधीच सगळा व्यवहार केबिनमधून कागदावर आणला पाहिजे.

काय करावे? पहिल्याच महिन्यात गाईड आणि विद्यार्थी यांनी समोरासमोर बसून काही गोष्टी ठरवाव्यात. भेट कोणत्या वारी, प्रकरण दिल्यावर किती दिवसांत वाचून मिळेल, शोधनिबंधावर कोणाचे नाव कोठे येईल, आराखडा कोणत्या हंगामाआधी मंजूर झाला पाहिजे. भेटीनंतर 'आज असे ठरले' एवढे दोन ओळींचे पत्र किंवा ई-मेल पाठवावे. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक आणि पोच घ्यावी. चांगल्या गाईडला यात अपमान वाटण्याचे कारण नाही, उलट त्याचेही रक्षण होते. वेळेवर न येणाऱ्या विद्यार्थ्याविरुद्ध त्याच्याही हाती पुरावा राहतो.

सल्लागार समितीत अध्यक्षाखेरीज इतर सदस्यही असतात, हे विद्यार्थी विसरतात. अडले तर त्यांच्याकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची आहे. एका प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएच.डी. विद्यार्थी असावेत, अशी मर्यादा आहे. महिला संशोधकांना मातृत्व व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. लग्नामुळे वा अन्य कारणाने तिला गाव बदलावे लागले तर अनुदानित प्रकल्पाचा भाग नसलेली संशोधनाची माहिती तिला नव्या संस्थेत नेता येते, फक्त आधीच्या गाईडचे श्रेय नोंदवायचे असते. कृषी शिक्षणाचा अभ्यासक्रम भारतीय कृषी अनुसंधान परिषद ठरवते आणि राज्यातील चार कृषी विद्यापीठांचा समन्वय पुण्याची महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद पाहते. तेव्हा राहुरीच्या विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाचे नियम मागून घेऊन वाचले पाहिजेत. कोणी दाखवत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. साधा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.

भेदभावाच्या तक्रारीसाठी आयोगाने २०१२ साली समानतेचे नियम केले. ते कागदावर राहिले म्हणून रोहितच्या आणि पायलच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दोन मातांना आपली लेकरे गमावल्यावर कोर्टाची पायरी चढावी लागली, यातच सर्व आले.

शेवटी आम्हाला बोलायचे आहे ते आमच्याच समाजातून पुढे जाऊन गाईडच्या खुर्चीत बसलेल्या बांधव-भगिनींशी. तुमची संख्या थोडी आहे हे आम्ही जाणतो. तुमच्यावरही वरून दबाव असतो, हेही जाणतो. पण तुमच्या दारात उभा असलेला मुलगा तुमच्याकडे केवळ सहीसाठी आलेला नसतो, तो तुमच्याकडे पाहून आपणही येथे बसू शकतो का हे जोखत असतो. त्याला कोणी हिणवले तर गप्प बसू नका, आणि 'आपला माणूस' म्हणून त्याचे कच्चे काम चालवूनही घेऊ नका. काम कच्चे राहिले तर बाहेरचे जग त्याला माफ करणार नाही. कॅनन यांनी बाबासाहेबांना जे दिले ते त्याला द्या. त्याचे म्हणणे पूर्ण ऐका, पटले नाही तर तसे सांगा, आणि तरीही त्याच्या बाजूने उभे राहा.

कालामांना उपदेश करताना तथागत म्हणाले होते की, अमुक श्रमण आमचा गुरू आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी मानू नका. ज्या धम्माने गुरूलाही तपासून पाहण्याची मुभा दिली, त्या धम्माच्या मुलांनी विद्यापीठात मान खाली घालून जगायचे कारण नाही. आणि ज्यांनी शिकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, त्यांनी मिळालेला एकही हंगाम वाया घालवण्याचे कारण नाही. राहुरीत येणारा खरीप कोणासाठी थांबत नाही. आराखडा आजच लिहा, सही वेळेत मागा, पोच घ्या आणि वाफशावर पेरणी करा.

जयभीम!